आत मुलगा बसतो

तुम्हाला भावंडं किती, असं कोणी विचारलं की मी हल्ली विषय बदलते. लोकांना वाटतं, बाई फार शिष्ट आहे. वाटू दे. खरं सांगायचं तर समोरच्याला नीट बसून ऐकावं लागेल, आणि तेवढा वेळ कोणाला असतो? तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. मध्ये मध्ये 'हो का' करू नका, माझं डोकं फिरतं.

आमचं किल्ल्यांचं दुकान. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे काका, दुसऱ्या बाजूला चपलांचं दुकान, आणि मध्ये आमची ती बोळकांडी. पुढे काउंटर, काउंटरवर बाबा. त्यांच्या मागे जाड खाकी पडदा. पडद्याआड किल्ली कापायची जागा, म्हणजे एक स्टूल, लोखंडी पकड, कानशींचा डबा आणि वर एक दिवा. आजोबांनी दुकान काढलं तेव्हाच नियम घालून दिला होता की गिऱ्हाइकाचं तोंड बघणाऱ्यानं किल्ली कापायची नाही आणि किल्ली कापणाऱ्यानं गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही. म्हणजे कोणाच्या दाराची किल्ली आपण कापतोय ते आतल्याला कधीच कळत नाही. गिऱ्हाईक समोर असताना पडद्याला हात लावायचा नाही आणि आतल्यानं चकार शब्द काढायचा नाही. किल्ली खालच्या फटीतून आत जायची, खालच्या फटीतून बाहेर यायची. लोक लांबलांबून आमच्याकडे यायचे ते या पडद्याच्या भरवशावर.

आधी आजोबा पुढे आणि बाबा आत. मग बाबा पुढे आणि दादा आत. यात माझं नाव कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आईबाबांचा जीव की प्राण. उकडलेल्या अंड्यातलं पिवळं त्याच्या ताटात, पांढरं माझ्या. "मुलींना पिवळं पचत नाही," आई म्हणायची. कुठल्या डॉक्टरनं सांगितलं होतं कुणास ठाऊक! त्याला ताप आला की बाबा दुकान बंद ठेवून उशाशी बसायचे. मला ताप आला की, "पड जरा ठके, उतरेल आपोआप." घराची किल्ली त्याला बाराव्या वर्षी मिळाली. बाबांनी स्वतः कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, टोचू नये म्हणून. मला नाहीच मिळाली. किल्लीवाल्याची पोरगी, आणि शाळेतून आले की जिन्यात दप्तरावर बसून राहायची. "घरात कोणी ना कोणी असतंच की," बाबा म्हणायचे. माणसं वाईट नव्हती हो. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण तो खोलीत आला की त्यांचे चेहरे जसे उजळायचे, तसे मी आले की कधी उजळले नाहीत. लहानपणी मी मुद्दाम दोनदोनदा खोलीत शिरून बघायची.

आता गंमत अशी, की दादाला कानशीचा मनापासून कंटाळा. त्यानं कापलेल्या किल्लीनं दार उघडण्यापेक्षा लाथ घातलेली बरी. जरा मोठी झाल्यावर मी रोज शाळेनंतर दुकान झाडायला जायची. पितळेचा कीस गोळा करता करता बघून शिकले. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करायची, कुलपात घालून हलकाच पीळ द्यायचा, आणि जिथे काजळी पुसली जाईल तिथे कानस मारायची. पुन्हा काळी करायची, पुन्हा बघायचं. कुलूप स्वतःच सांगतं, फक्त घाई करायची नाही. दादाला हे कळल्याबरोबर त्यानं काम माझ्यावर ढकललं आणि स्वतः कोपऱ्यात पोत्यावर आडवा व्हायला लागला. मी किल्ली फटीतून बाहेर सरकवायची, आणि बाहेरून बाबा ओरडायचे, "शाब्बास रे माझ्या वाघा!" वाघ घोरत असायचा.

मग एक दिवस भर दुपारी वाघ उठला, हात धुतले, "येतो" म्हणाला आणि गेला. तो गेलाच. शोधलं, जाहिराती दिल्या, ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना विचारलं. काही पत्ता नाही. आईनं बोलणं कमी केलं. बाबांचे हात थरथरायला लागले. किल्लीवाल्याचे हात थरथरले की संपलंच ना सगळं. मग एका सकाळी त्यांनी काही न बोलता स्टुलाकडे बोट केलं, आणि मी आत जाऊन बसले.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. दादा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या खाली कुठेतरी हा आनंदही होता. मला वाटलं, आता बघतील. आता कधीतरी बाबा गिऱ्हाइकाला सांगतील की ही किल्ली माझ्या मुलीनं कापली. मला एवढंच हवं होतं. दागिने नको, कौतुकाचं भाषण नको. एकदा, चार लोकांच्या देखत, हे एक वाक्य.

पहिल्याच आठवड्यात एका बाईनं विचारलं, "आत कोण आहे हो? तुमचा मुलगा तर..."

"आत मुलगा बसतो," बाबा पटकन म्हणाले.

माझ्या हातातली कानस थांबली. नियम म्हणजे नियम, मी गप्प बसले. संध्याकाळी घरी जाताना म्हटलं, "बाबा, असं का सांगितलंत?"

"अगं, मुलगी कापते म्हटलं तर घराची किल्ली कोण देईल हातात? धंदा आहे ठके. मनाला लावून घेऊ नकोस."

आणि मी मूर्ख, मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आजही राग येतो. बाबांचा येत नाही तेवढा माझा येतो.

वर्षभरात सगळ्या गल्लीला माहीत झालं की आमचा मुलगा परत आलाय आणि त्याच्या हातात जादू आहे. मला येता-जाता बघून त्यांना वाटायचं, झाडायला येते. जाता येता लोक पडद्याकडे बघून हाक मारायचे, "काय रे, बरा आहेस ना?" मी आत दात-ओठ खात बसायची. बाबा माझ्या वतीनं, म्हणजे त्याच्या वतीनं, उत्तर द्यायचे. "बरा आहे. जरा अबोल झालाय." पुढे पुढे ते दुकान बंद झाल्यावरही असंच बोलायला लागले. "आज त्यानं ते तिजोरीचं काम काय सुरेख केलं," ते आईला सांगायचे, आणि मी समोर बसून जेवत असायची. मला वाटायचं, सवयीनं बोलतायत.

मग आई दोन डबे भरायला लागली. एक बाबांचा, एक दुकानात बसणाऱ्याचा. दुपारी मी दुसरा डबा उघडला, तर अंडं होतं, पिवळ्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा! मी ते चवीनं खाल्लं. व्यवस्थित पचलं, कोणाला काळजी असेल तर सांगते. दोन-तीन महिने मी रोज खात होते. मग एकदा डबा उघडला तर अंड्याच्या दोन वाट्या होत्या, मधला गोळा नाही. बाबांना विचारलं, तुम्ही खाल्लंत का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेत होते. "त्याच्या डब्याला मी कशाला हात लावू?" ते म्हणाले. डबा सकाळपासून माझ्या पायाशीच होता. त्या दिवसापासून मला रोज पांढरंच मिळालं.

मी कोणाला बोलले नाही. काय बोलणार होते? अंड्यातलं पिवळं पळवणारं भूत, असं सांगितलं तर लोक हसले असते. मी स्वतःही हसून बघितलं, पण जमलं नाही.

पाचव्या वर्षी घड्याळवाले काका एका जुन्या कपाटाच्या कुलपाला किल्ली करायचं काम घेऊन आले. त्यांच्या वडिलांचं कपाट, किल्ली कधीच हरवलेली, आणि कुलूप कोणालाही दाद देत नव्हतं. कपाटाची मागची फळी उचकटून ते काढून आणलं होतं. मी दोन दिवस घेतले. अकरा वेळा काजळी धरली. बाराव्या वेळी ते असं अलगद उघडलं की मला रडू आलं. एवढं चांगलं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

काका खूश झाले. "आज मी त्याचा हात हातात घेणारच," म्हणाले. "नियम राहू दे तुमचा. पडदा उघडू नका, कडेनं हात घालतो."

मला नुसता धीर धरवेना. आता माझा हात लागेल, आणि काका म्हणतील, अरे, हा तर मुलीचा हात! मग बाबांना सांगावंच लागेल. मी हात पुसले. पडद्याच्या कडेनं काकांचा सुरकुतलेला पंजा आत आला, आणि काय झालं कुणास ठाऊक, मला भयंकर राग आला. मी का म्हणून चोरासारखा हात द्यायचा? बाबांना सांगू दे आधी. मी दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून बसले.

काकांचा पंजा माझ्या नाकासमोर मिटला. बोटं कशावर तरी घट्ट बसली. हात वर-खाली झाला, एकदा, दोनदा, तीनदा. दाबून धरल्यावर बोटांची टोकं पांढरी पडतात ना, तशी ती पांढरी पडली. दिव्याखाली, माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्या मुठीत काहीही नव्हतं.

"वा!" बाहेर काका म्हणत होते. "काय पकड आहे पोराची! फक्त हात फार गार आहे हो. तब्येतीकडे बघा जरा."

"सांगतोय त्याला," बाबा म्हणाले, "ऐकेल तर शपथ."

मी त्या दिवशी पुढे एकही किल्ली कापली नाही. तरी संध्याकाळी काउंटरवर चार नव्या किल्ल्या होत्या आणि चौघं येऊन घेऊन गेले. तक्रार कोणाचीच आली नाही.

घरी आले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या मांडीवर दादाचा निळा शर्ट होता. कपाटातून काढून हवा देत असेल, असं मला वाटलं. जवळ गेले तर खिशाच्या शिवणीत पितळेचा कीस अडकलेला. आई नखानं तो टोकरत होती.

"कॉलर किती मळवतो बघ," ती म्हणाली. "दोनदा साबण लावला."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला तसा संतापही आला. मी तिच्या हातातून शर्ट ओढला. "आई, बस झालं! आत मी बसते. पाच वर्षं मी बसतेय. दादा नाहीये तिथे. किल्ल्या मी कापते, मी!"

आईनं शांतपणे वर बघितलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले. "माहीत आहे? मग?"

"मग काय? तू आहेसच. असलेल्या माणसाचं काय सांगत बसायचं? तो नाही, म्हणून त्याला रोज थोडं थोडं आणावं लागतं." तिनं माझ्याकडून शर्ट परत घेतला आणि बाही सरळ केली. "तुझे बाबा किती खचले होते, विसरलीस? आता बरे आहेत. दोन घास जास्त जेवतात. एवढं दे ना त्यांना. तुला काय कमी आहे?"

"आणि मी कुठे जाऊ, आई?"

"तू समजूतदार आहेस," आई म्हणाली आणि मायेनं माझ्या गालावरून हात फिरवला.

समजूतदार! हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावरची शीर उडते. मुलाला सगळं द्यायचं, मग मुलीकडे काहीच उरलं नाही की तिला हा शब्द द्यायचा. पण आईचा हात गालावर होता, आणि तो हात असा माझ्या गालावर कितीतरी वर्षांनी आला होता. म्हणून मी तो झटकला नाही. हलकटपणा बघा आपल्या मनाचा.

त्याच रात्री जेवताना मी ठरवून टाकलं. भांडण नाही, रडारड नाही. जायचंच नाही दुकानात. एक दिवस स्टूल रिकामं राहिलं, किल्ल्या तशाच पडून राहिल्या, की बाबांना कळेल आत कोण बसतं ते. मग त्यांना ते वाक्य बोलावंच लागेल.

"बाबा, मी उद्या येणार नाही," मी म्हटलं.

"कुठे?" बाबा म्हणाले.

"दुकानात."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. कधीच न येणाऱ्या माणसानं 'येत नाही' असं सांगितलं तर आपण म्हणू ना, तसं 'बरं'.

सकाळी मी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिले. कोणी उठवायला आलं नाही. डब्यांची झाकणं लागल्याचा आवाज आला, दोन. बाबांनी बूट घातले. दारात उभं राहून ते जिन्याकडे तोंड करून म्हणाले, "चल रे, उशीर झाला." मग जिन्यावरून बूट उतरत गेले. आणि बुटांच्या मागे चपला. मी स्वतःला बजावलं, वरच्या मजल्यावरचा कोणीतरी असेल. वरच्या मजल्यावर दोन वर्षं कोणी राहत नव्हतं.

दुपारपर्यंत कशीबशी कळ काढली. आधी मला मजा वाटत होती, की आता गिऱ्हाइकं खोळंबली असतील, बाबा घामाघूम झाले असतील. मग दया यायला लागली. त्या थरथरत्या हातांनी कानस धरायला गेले आणि बोट कापून घेतलं तर? शेवटी मला राहवेना. पायांत चपला सरकवल्या आणि पळतच गेले.

दुकान उघडं होतं. काउंटरपाशी दोन माणसं, नेहमीसारखी. पडदा लावलेला. बाबा खुशाल दात कोरत बसले होते. आणि आत कानस चालली होती.

बोलण्याची जशी प्रत्येकाची ढब असते, तशी कानशीचीही असते. दादा खरवडायचा. बाबा लांब, एकसारखी ओढायचे. ही आतली कानस तीन लांब ओढत होती, एक आखूड, मग कीस उडवायला फुंकर. पुन्हा तीन, एक, फुंकर. ही ढब मला कोणी शिकवलेली नाही. ती माझी आहे.

मी काउंटरला दोन्ही हातांनी धरलं. बाबांनी मान वर केली. कधी नव्हे ते त्यांनी माझ्याकडे आदरानं बघितलं.

"बोला ताई," ते म्हणाले.

"बाबा."

ते हसले. म्हाताऱ्या माणसाला कोणीही बाबा म्हणतं. "किल्ली करायचीय? थोडं थांबावं लागेल, दोघं आहेत आधी."

"आत कोण आहे?"

"मुलगा बसतो आत," बाबा म्हणाले. आणि हो, तो चेहरा, लहानपणी जो मी खोलीत दोनदोनदा शिरून शोधायची, तो तसाच्या तसा उजळला.

"आणि मुलगी?" माझा आवाज चिरका झाला. बाजूचा माणूस जरा सरकून उभा राहिला. "तुम्हाला मुलगी आहे ना? ती कुठे आहे?"

बाबा टाळत नव्हते. शपथेवर सांगते, टाळत नव्हते. त्यांनी खरोखर आठवून बघितलं. एखादा स्क्रू आपण कुठे ठेवला ते आठवताना करायचे तसे त्यांनी डोळे बारीक केले. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आलं, आता आलं ओठांवर, आता म्हणतील. आजूबाजूला लोक होते, दुपारचं लख्ख ऊन होतं, माझ्या मनात होतं तसं सगळं जमून आलं होतं.

पण आठवेना त्यांना. मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. गिऱ्हाइकं समोर असताना मागे वळून पडद्याची कड बोटानं जराशी उचलली.

"काय रे," त्यांनी आत विचारलं, "आपल्या घरी मुलगी होती का रे कोणी?"

कानस थांबली. आतल्यानं कीस फुंकला.

"नाही, बाबा."

आवाज माझा होता. मी काउंटरच्या या बाजूला ओठ घट्ट मिटून उभी होते, आणि आवाज माझा होता, शांत, समजूतदार. बाबांनी मान डोलावली, पडद्याची कड सोडली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून म्हणाले, "हं, बोला."